स्कोअर आला उणे साडेआठ. पुढे?

‘एआयने औषध शोधलं’, ‘कॉम्प्युटरने लस डिझाइन केली’ अशी एक तरी बातमी आठवड्याला फॉरवर्ड होऊन येतेच. जळगाव-धुळ्याच्या ग्रुपवर जरा जास्तच, कारण आपल्याकडे गल्लीगणिक एक बी.फार्म. झालेला पोरगा किंवा पोरगी आहे. शिरपूर, बोराडी, शहादा, चोपडा, फैजपूर, कुठेही जा, फार्मसी कॉलेज आहेच. मी अशाच एका कॉलेजात शिकवतो (नाव लिहीत नाही, नोकरी करायची आहे अजून). त्यामुळे बातमीखाली हमखास प्रश्न येतो, सर, हे खरं आहे का? आणि मग आपली पोरं का नाही शोधत?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्यासाठी ही पोस्ट. मोठी आहे, चहा घेऊन बसा.

तर, खरं आहे. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना मिळालं ते याच कामासाठी. हसाबिस-जंपर यांच्या अल्फाफोल्डने वीस कोटींहून जास्त प्रथिनांच्या आकाराचा अंदाज बांधून तो सगळ्यांना फुकट खुला केला. पूर्वी एका प्रथिनाचा आकार काढण्यात एखाद्याची अख्खी पीएच.डी. जायची. बेकर यांच्या प्रयोगशाळेतल्या मंडळींनी तर निसर्गात नसलेलं प्रथिन कॉम्प्युटरवर रचलं, त्याच्या गोळ्यावर कोरोनाच्या काट्याचे तुकडे बसवले आणि त्याची लस केली. २०२२ मध्ये दक्षिण कोरियाने तिला परवानगी दिली.

आपल्या जवळचं उदाहरण हवं तर पुण्याच्या सीरमची कोव्होव्हॅक्स घ्या. कोरोना विषाणूचा काटा फार चंचल, पेशीला चिकटला की आकार बदलतो. शरीराला ओळख पटवायची ती बदलायच्या आधीच्या आकाराची. मग त्या काट्याची रचना बारकाईने बघून बार्नी ग्रॅहम, जेसन मॅकलेलन या मंडळींनी ठरवलं की अमुक दोन जागी प्रोलिन नावाचं ताठर अमिनो ॲसिड बसवलं तर काटा जागच्या जागी अडकून राहील. दाराला खिटी लावावी तसं. हे काम त्यांनी मर्सच्या विषाणूवर आधीच करून ठेवलं होतं. २०२० च्या जानेवारीत नव्या विषाणूचा जनुकीय क्रम जाहीर झाला आणि तीच खिटी नव्या दाराला लागली. फायझर, मॉडर्ना, नोव्हाव्हॅक्स म्हणजे आपली कोव्होव्हॅक्स, सगळ्यांत ती आहे.

आता आपल्या पोरांकडे येऊ.

आपली पोरं जे करतात त्याला डॉकिंग म्हणतात. प्रोटीन डेटा बँक नावाचा फुकट खजिना आहे, १९७१ पासूनचा. तिथून रोगाशी संबंधित प्रथिनाची त्रिमितीय रचना उतरवून घ्यायची. औषधाच्या रेणूची रचना दुसऱ्या फुकट साठ्यातून घ्यायची. मग ऑटोडॉक व्हिना, तेही फुकट, त्या रेणूला प्रथिनाच्या खाचेत उलटासुलटा बसवून बघतं आणि एक आकडा देतं. उणे सात, उणे साडेआठ. जितका जास्त उणे तितका घट्ट बसला म्हणायचं. आठ जीबीचा लॅपटॉप, हॉस्टेलचं वायफाय आणि एक रात्र एवढ्यात काम होतं. रंगीत चित्रंही छान येतात, प्रोजेक्टच्या फाइलला शोभून दिसतात.

म्हणजे कॉम्प्युटर कमी पडतोय म्हणून आपण मागे आहोत, असं म्हणायला जागा नाही. पुण्याच्या सी-डॅकने परम ८००० हा महासंगणक १९९१ मध्येच बांधला होता. सीएसआयआरने २००८ मध्ये टीबीसाठी ओपन सोर्स ड्रग डिस्कव्हरी सुरू केलं, तेव्हा क्षयरोगाच्या जंतूच्या चार हजारांच्या आसपास जनुकांची माहिती लावायला देशभरातली कॉलेजची पोरं घरबसल्या बसली होती. २०२० च्या जुलैत केंद्राने ड्रग डिस्कव्हरी हॅकेथॉन काढली, तीही कॉम्प्युटरवर औषध शोधण्याचीच.

२०२० चं आठवतंय ना? जूनमध्ये जळगाव देशभर बातम्यांत होतं, कोरोनाचा मृत्युदर देशाच्या सरासरीच्या कितीतरी पट म्हणून. त्याच महिन्यांत जगभरातून डॉकिंगच्या पेपरांचा पूर आला. हळद, तुळस, गुळवेल, अडुळसा, लवंग, दालचिनी, स्वयंपाकघरात आणि परसात जे दिसेल ते कोरोनाच्या प्रथिनावर डॉक करून झालं आणि सगळंच घट्ट बसलं. कर्क्युमिन, हळदीतलं, ते तर कशावरही बसतं. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या औषध-रसायनज्ञांनी कर्क्युमिनवर मोठा आढावा लिहिला होता, की हा रेणू चाचण्यांना फसवतो. शंभर ठिकाणी ‘चालतो’ असं दिसतं, पण माणसात काटेकोर चाचणी घेतली की हाती काही लागत नाही. तीन वर्षांनी आपण पुन्हा तोच रेणू घेऊन बसलो.

या आकड्याचं एक गुपित सांगतो, जे प्रोजेक्टच्या फाइलमध्ये कुणी लिहीत नाही. व्हिना ज्यांनी बनवलं त्यांनीच २०१० च्या पेपरात आपल्या अंदाजाची त्रुटी छापली आहे, सुमारे २.८५ किलोकॅलरी. १.४ किलोकॅलरीचा फरक म्हणजे चिकटण्याच्या ताकदीत दहापट फरक. २.८५ म्हणजे जवळजवळ शंभरपट. आणि आपली पोरं उणे ८.२ वाला रेणू उणे ७.९ वाल्यापेक्षा सरस, असा निष्कर्ष काढून मार्क घेतात. पोरांची यात चूक नाही. फाइल तपासणारा तेवढंच विचारतो.

म्हणजे डॉकिंग थोतांड का? बिलकुल नाही. लाख रेणूंमधून आधी कुठले दोनशे तपासायचे, ही रांग लावायला ते फार कामाचं आहे. पण रांग लावल्यावर पुढे खिडकी उघडी पाहिजे ना. खिडकीच नसेल तर रांगेत उभं राहून माणूस घरी जातो, आपली पोरं जातात तशी.

मध्येच एक केळीची गोष्ट सांगतो, नाहीतर रावेर-यावलची मंडळी रागावतील. सावद्याचा माझा एक मित्र केळीच्या व्यापारात आहे. त्याने लॉकडाऊनमध्ये मेसेज पाठवला होता, केळीत व्हायरस मारणारं औषध सापडलं. खाली प्रश्न, “मंग आपल्या केयीला भाव येईन का रे भो?” गंमत म्हणजे मेसेजचं मूळ खोटं नव्हतं. केळीत बॅनलेक नावाचं प्रथिन असतं आणि ते विषाणूवरच्या साखरेला जाऊन चिकटतं. एचआयव्ही, फ्लू, हिपॅटायटिस सी, सगळ्यांना प्रयोगशाळेत अडवतं. अडचण एवढीच की ते आपल्या पांढऱ्या पेशींनाही भडकवतं, अंगात दाह पेटवतं. मिशिगन विद्यापीठाच्या डेव्हिड मार्कोविट्झ यांच्या गटाने त्याची रचना तपासली आणि ८४ व्या जागचं एकच अमिनो ॲसिड बदललं, हिस्टिडिनच्या जागी थ्रिओनिन. दाह जवळजवळ गेला, विषाणूला अडवणं राहिलं. २०१५ मध्ये ‘सेल’ या जर्नलमध्ये ते छापून आलं. पुढे फ्लू झालेल्या उंदरांवर आणि कोरोनावरही काम झालं. माणसांसाठीचं औषध अजून बाजारात नाही. केळी खाऊन मात्र यातलं काहीच होत नाही. हे मित्राला सांगितलं, तर तो म्हणाला, “मंग जाऊ दे.”

जगात सगळ्यात जास्त केळी पिकवणाऱ्या देशातला केळीचा जिल्हा आपला आणि त्या प्रथिनातली अक्षरं बदलायचं काम झालं मिशिगनमध्ये, जिथे बर्फ पडतो. तिथे आकृती बघणारा, प्रथिन बनवणारा, पेशींवर टाकणारा आणि उंदरांवर बघणारा अशी साखळी होती. आपल्याकडे साखळीची पहिली कडी आहे आणि तीच आपण दरवर्षी नव्याने घडवतो.

आता मूळ मुद्दा. तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे एम.फार्म.ला एक विद्यार्थिनी होती. पावरा समाजातली, शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरची. तिने प्रोजेक्टचा विषय स्वतः आणला, सिकलसेल. मी म्हटलं, कॅन्सर घे, डायबेटिस घे, तयार माहिती भरपूर मिळते. ती म्हणाली, “सर, घरात पेशंट आहे.” लहान भाऊ, आश्रमशाळेत शिकणारा. थंडीत, तापात किंवा पाणी कमी पडलं की त्याच्या हातापायाची हाडं अशी दुखतात की तो ओरडायचंही बंद करतो. गोळी मिळते ती हायड्रॉक्सियुरिया. कधी केंद्रात असते, कधी संपलेली असते, मग दुसऱ्या गावाला जायचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो ॲसिडं असतात. त्यातलं सहावं बदललं, ग्लुटामिक ॲसिडच्या जागी व्हॅलिन आलं, की सिकलसेल. फक्त एक अक्षर. ऑक्सिजन सुटला की ते व्हॅलिन शेजारच्या हिमोग्लोबिनच्या खाचेत जाऊन बसतं, दोऱ्या वळल्या जातात, लाल पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. दोन्ही पालकांकडून ते अक्षर आलं तर पेशंट, एकाकडूनच आलं तर वाहक. वाहक बहुधा ठणठणीत असतो. आपल्याकडे पावरा, भिल्ल समाजांत वाहक पुष्कळ आहेत.

जरा विचार करा, रेणूच्या पातळीवर नीट समजलेला हा जगातला पहिला आजार. लायनस पॉलिंग यांनी १९४९ मध्येच सिकलसेलला ‘रेणूचा आजार’ म्हटलं होतं. दोष कुठे, खाच कुठे, सगळं माहीत. कॉम्प्युटरवर औषध शोधायला याहून सोयीचा आजार कुठला? आणि तरी पाड्यावर पोचतं ते हायड्रॉक्सियुरिया, जे पहिल्यांदा बनलं १८६९ मध्ये जर्मनीत आणि सिकलसेलसाठी अमेरिकेत मंजूर झालं १९९८ मध्ये. ते बाळपणीचं हिमोग्लोबिन वाढवतं आणि चांगलं काम करतं, वेळेवर मिळालं तर. पण कॉम्प्युटरचा त्यात काही हात नाही.

हिमोग्लोबिनची रचना समोर ठेवून घडवलेलं औषधही आलं. व्हॉक्सेलोटर. नोव्हेंबर २०१९ मध्ये अमेरिकेने मंजूर केलं. तिथली किंमत वर्षाला सव्वा लाख डॉलरच्या घरात, म्हणजे आपल्या पाड्यावर पोचण्याचा प्रश्नच नव्हता. कंपनी २०२२ मध्ये फायझरने ५.४ अब्ज डॉलरला विकत घेतली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये फायझरने ते औषध जगभरातून मागे घेतलं. चाचण्यांत वेदनेचे झटके आणि मृत्यू यांचे आकडे काळजी करण्यासारखे दिसले म्हणून. खाचेत अचूक बसणारा रेणू, हिमोग्लोबिनचा आकडा वाढवणारा रेणू, आणि तरी पेशंटला तारेलच असं नाही. हे कुठल्या सॉफ्टवेअरने आधी सांगितलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट सॉफ्टवेअर सांगत नाही, जी या पोरीने स्वतः हिशेब करून माझ्यासमोर ठेवली. बहुतेक औषधांचं लक्ष्य शरीरात अगदी थोडं असतं. हिमोग्लोबिन मात्र मोठ्या माणसाच्या अंगात अर्ध्या किलोहून जास्त असतं. त्यातल्या बऱ्याच रेणूंना औषध चिकटायचं, तर औषधही तेवढंच लागणार. व्हॉक्सेलोटरचा डोस म्हणूनच रोज दीड ग्रॅम होता. “सर, स्कोअर कितीही चांगला आला तरी पोटात एवढं औषध घालायचं कसं?” हा प्रश्न तिने विचारला तेव्हा मला वाटलं, हिला पीएच.डी. द्यायला हरकत नाही.

तिने मंजूर झालेली जुनी औषधंच डॉकिंगला घेतली. नवा रेणू बनवायला पैसे कुठून आणणार? जुन्या औषधाचा डोस माहीत, दुष्परिणाम माहीत, गोळी स्वस्त. आठ महिने बसून, तीन वेगवेगळ्या प्रोग्रॅमवर तपासून, अंगात किती मात्रा पोचेल ते बघून तिने चौदा नावं काढली. मग ती म्हणाली, आता रक्तावर बघू.

आणि इथे गाडी थांबली.

खरं तर पुढची पायरी अवघड नाही. अमेरिकेत एनआयएचमध्ये विल्यम ईटन यांच्या गटाने ती सोपी करून ठेवली आहे. रक्त पातळ करून छोट्या खळग्यांत ठेवायचं, त्यात औषध घालायचं, वरून नायट्रोजन सोडून ऑक्सिजन हळूहळू काढून घ्यायचा आणि किती वेळात किती पेशी वाकतात ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं. औषध कामाचं असेल तर पेशी उशिरा वाकतात. या पद्धतीने त्यांनी १२,६५७ रेणू तपासले, त्यातले १०६ चालले. २०२२ मध्ये हे छापून आलं. (आपल्या शिबिरांत रसायन टाकून जी झटपट तपासणी करतात ती इथे चालत नाही. ती ऑक्सिजन एकदम सगळाच खेचून घेते, मग थोडा उपयोग असलेलं औषधही नापास होतं.)

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की ही चाचणी वाहकांच्या रक्तावरही होते. आधीच रक्त कमी असलेल्या पेशंटच्या अंगातून रक्त काढायची गरज नाही. ठणठणीत वाहकाचं थोडंसं रक्त पुरतं. आणि वाहक कुठे आहेत? शिरपूर, चोपडा, यावल, रावेरच्या वरच्या पट्ट्यात, नंदुरबारात. ईटन यांना बेथेस्डात जे रक्त जमवावं लागतं ते आपल्या तासाभराच्या अंतरावर आहे.

पोरीने एका मोठ्या संस्थेला मेल केला, उत्तर नाही. दुसरीकडून उत्तर आलं की आमच्याकडे सिकलसेलचं काम सध्या नाही. एका दवाखान्यात गेलो, तिथले डॉक्टर भले होते, म्हणाले, रक्त देतो पण नैतिक समितीची मंजुरी आणा. आमच्या कॉलेजात समिती आहे ती उंदरांसाठीची, माणसांच्या रक्तासाठीची नाही. दुसरीकडच्या समितीने विचारलं, तुमच्या कॉलेजचा आमच्याशी करार आहे का? तोवर प्रोजेक्ट जमा करायची तारीख आली. तिने डॉकिंगची रंगीत चित्रं लावून फाइल दिली, चांगले मार्क मिळाले. आज ती अंकलेश्वरला एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. पगार वेळेवर होतो, भावाची गोळी ती तिकडूनच पाठवते.

सरकार काहीच करत नाही असं मी म्हणणार नाही. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल अभियान सुरू झालं. सात कोटी लोकांची तपासणी, २०४७ पर्यंत निर्मूलन असं उद्दिष्ट आहे. तपासणी होतेय, कार्डं वाटली जातायत, लग्नाआधी कार्ड जुळवा असं सांगितलं जातंय. चांगलंच आहे. पण पाड्यावर गेलं की लोक विचारतात, रक्त नेता, पुढे काय? तपासणीतून वाहक किती ते कळलं. त्यांच्या रक्तावर औषध तपासायची एक खोली मात्र या कार्यक्रमातून आमच्या वाट्याला आलेली नाही.

धुळ्याला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, जळगावला आहे, नंदुरबारला आहे. जळगावला विद्यापीठ आहे, त्यात जीवशास्त्राचा विभाग आहे. फार्मसी कॉलेजं तर मोजू नका. या सगळ्यांच्या मध्ये एक खोली पाहिजे: कॅमेरा लावलेला सूक्ष्मदर्शक, नायट्रोजनचं सिलिंडर, फ्रिज, एक शिकलेला माणूस आणि सगळ्या कॉलेजांना चालेल अशी एकच नैतिक समिती. वाकलेल्या पेशी मोजायचा प्रोग्रॅम आपलीच पोरं लिहितील, त्या कामात ती पटाईत आहेत. मी एकदा हिशेब मांडला होता. नॅकची टीम येणार म्हणून एका कॉलेजात रंगरंगोटी आणि मंडपावर जो खर्च झाला, त्यापेक्षा कमी आला. पगार धरले तर जास्त होतो, हेही सांगतो.

दोन अटी मात्र मी स्वतःच घालीन. ज्याचं रक्त घेतलं त्याला त्याचा रिपोर्ट त्याच्या भाषेत आधी मिळाला पाहिजे. आणि ज्या गावातून रक्त घ्यायचं तिथे हायड्रॉक्सियुरियाचा साठा भरलेला असला पाहिजे. नाहीतर पुन्हा आपण नेणारेच ठरू.

त्या चौदा औषधांची यादी माझ्याकडे आहे. त्यातली पाच कुठल्याही मेडिकलवर मिळतात. नावं इथे लिहीत नाही, कमेंटमध्येही मागू नका. लिहिली तर उद्या कुणीतरी ती गोळी पेशंटला देऊन बघेल. आयव्हरमेक्टिनचं आठवा. प्रयोगशाळेतल्या पेशींवर चाललं म्हणून घराघरांत वाटलं आणि मोठ्या चाचण्यांत फायदा दिसला नाही. ही चौदा तर अजून पेशींपर्यंतही पोचलेली नाहीत.

धुळे, जळगाव, नंदुरबारच्या मेडिकल कॉलेजांतलं पॅथॉलॉजी किंवा बालरोग विभागातलं कुणी हे वाचत असेल तर इनबॉक्स करा. चाचणीची पद्धत लिहून तयार आहे. संमतीपत्राचा मसुदा मराठीत आहे आणि पावरी बोलीतला त्या पोरीने नोकरीवरून आल्यावर रात्री बसून केलाय, तोही आहे.